दारूबंदीतला तिसरा दिवस

नर्स झाल्यावर पहिली थोबाडीत बसली ती एका अशा माणसाकडून, ज्याने त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात चहासुद्धा कडक घेतला नव्हता. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. सकाळी त्याने मला हात जोडून "केम छो, बेन" म्हटलं होतं. दुपारी मी सलाइन बदलायला वाकले आणि त्याने माझ्या कानशिलात अशी भडकावली की चष्मा उडून पलीकडच्या खाटेखाली गेला. मग त्याने हातातली सुई उपटली, चादरीवर रक्ताची चिळकांडी उडाली, आणि भिंतीवरून मुंग्या येताहेत म्हणून तो किंचाळायला लागला. दोन वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी मिळून त्याला खाटेवर दाबला, तर त्याने एकाच्या दंडाला चावा घेतला. बायको कोपऱ्यात उभी राहून म्हणत होती, "ए तो बहु शांत माणस छे, सिस्टर. बहु शांत."

गुजरातेत दारूबंदी आहे. म्हणजे दारू दुकानात मिळत नाही, घरपोच मिळते. शरीराला मात्र कायदा कळत नाही. रोज पिणारा माणूस हॉस्पिटलात येऊन पडला आणि त्याची एकदम बंद झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापायला लागतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसतात, आणि मग तो हाताला लागेल त्याला मारतो. त्यानंतर फिट येते. कोणाच्या लक्षात आलं नाही तर मरतोही. त्यावर औषध आहे, साधं आहे, प्रत्येक हॉस्पिटलच्या कपाटात आहे. फक्त कोणीतरी डॉक्टरला खरं सांगावं लागतं, आणि तेच कोणी सांगत नाही. पोलिसांची भीती, सोसायटीची भीती, मुलीचं लग्न ठरायचं असतं. सगळे देवाची शपथ घेतात आणि तिसऱ्या दिवशी मार आम्ही खातो.

आमच्या सीनिअर सिस्टरची त्यावर एक रीत होती. ती पेशंटच्या बायकोला बाजूला, चादरींच्या कपाटापाशी न्यायची. "पितात का?" असं कधीच विचारायची नाही. एकदम म्हणायची, "छेल्ली क्यारे लीधी?" शेवटची कधी घेतली? बाईला वाटायचं, सिस्टरला सगळं आधीच ठाऊक आहे, आणि ती घडाघडा सांगून मोकळी व्हायची. मला ही युक्ती इतकी आवडली की मी घरी येऊन पोळ्या लाटता लाटता सासूबाईंना नक्कल करून दाखवली. सासूबाई हसल्या होत्या.

मी जन्मतः नर्स नव्हते. त्याआधी दहा वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. बडोद्यातल्या आम्हा मराठी लोकांनी आपापली मुलं इंग्रजी शाळांत घातली आणि मग मराठी शाळा बंद पडली म्हणून गळे काढले. गळे काढणाऱ्यांत मीही होते. शाळेला कुलूप लागलं तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. घरी बसून वाळवणं घालायची नाहीत एवढंच मला ठाऊक होतं. वयाची मर्यादा उलटायच्या आत नर्सिंगला प्रवेश घेतला. वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोरी मला मासी, म्हणजे मावशी, म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी माझ्याकडून हृदयाच्या आकृत्या काढून घ्यायच्या.

माझे सासरे, म्हणजे आमच्या घरातले मामंजी, तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे आजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि मामंजी स्वतः सरकारी ऑफिसातून साध्या हेडक्लार्कच्या जागेवरून निवृत्त झाले असले तरी घरात ते संस्थानच चालवत. "दरबारात खुर्ची होती आपल्या घराण्याला," ते नवऱ्याला म्हणाले, मी ऐकावं म्हणून मोठ्याने. "आता सून लोकांची पॉटं उचलणार?" मीही काही कमी नाही. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "उचलेन, मामंजी. खुर्चीवर बसणाऱ्यालाही पॉट लागतंच." नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी घराला आगच लावली.

आमचं बडोद्याच्या समा भागात टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र दुमजली घर, आहे. खाली सासू-सासरे, वर आम्ही दोघं. दिवेलागणीनंतर मामंजी आपल्या खोलीचं दार लावून बसत आणि टीव्हीवर मोठ्याने बातम्या लावत. घरात ह्याला संध्या म्हणायचे. "मामंजी संध्येला बसलेत" म्हटलं की कोणी खाली जायचं नाही, हा अलिखित कायदा. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पार्सल घेऊन एक स्कूटरवाला यायचा, त्याला सासूबाई मागच्या दाराने आत घ्यायच्या. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि कोणी एक शब्द काढायचा नाही. मी नर्स झाल्यावर एकदा लिव्हरबद्दल बोलायला गेले, तर सासूबाईंनी माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली आणि म्हणाल्या, "ही निवडून दे."

तीन वर्षांनी मी पास झाले आणि एका मोठ्या हॉस्पिटलात लागले, आधी वॉर्डात आणि मग कॅज्युअल्टीत. नर्सिंग म्हणजे कपाळावर थंड हात ठेवणं, असं ज्याला वाटतं त्याने तिथे एक दुपार उभं राहावं. उत्तरायणला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, पहिलाच पेशंट आला तो स्कूटरवरून जाताना मांजाने गळा कापलेला. मी दोन्ही हातांनी तो गळा दाबून धरला होता, बोटांच्या फटींतून गरम रक्त येत होतं, आणि बाहेर गच्च्यांवरून "काय पो छे" चालू होतं. तो वाचला. दुसऱ्या एकाला आम्ही वाचवू शकलो नाही, तर त्याच्या भावाने लोखंडी स्टूल उचलून औषधांच्या कपाटावर घातलं आणि मग काचांवरून अनवाणी चालत आमच्या अंगावर आला. त्याच्याच पायातल्या काचा नंतर मी काढल्या. मला त्याचा राग आला होता आणि चिमटा मी मुद्दाम हळू चालवला नाही, हेही सांगते.

आणि बायका यायच्या. "बाथरूममां पडी गई." दात पडलेला, डोळा मिटलेला, आणि बाथरूममध्ये पडले. सुरुवातीला मी विश्वास ठेवायचे. मग सिस्टरने एकीची बाही वर करून दाखवली. दंडावर चार निळे डाग एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. "बाथरूमला बोटं नसतात," ती म्हणाली. त्यानंतर मी बाईचा चेहरा बघायच्या आधी दंड बघायला शिकले. त्या सगळ्यांच्या नवऱ्यांबद्दल मनात काय काय यायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मामंजी खरोखरच पडले. ओट्याच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी ड्यूटीवर होते. नवऱ्याने आणि सासूबाईंनी त्यांना दुसऱ्याच एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, कारण मी जिथे काम करते तिथे मामंजींना पाऊल ठेवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मी नवऱ्याला फोनवर पहिला प्रश्न हाच केला, "डॉक्टरांना संध्येचं सांगितलंस ना?" "हो हो, सांगितलं सगळं," तो म्हणाला. ऑपरेशननंतर मी जाऊन आले तेव्हा मामंजी गुंगीत होते. आमच्याकडे दोन नर्सेस रजेवर, मी परत कामावर गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपवून तिथे पोहोचले, तर लिफ्टमधूनच आवाज आला. तो आवाज मी ओळखते. मी पळत गेले. मामंजी खाटेवर बसले होते, नुकत्याच जोडलेल्या खुब्यावर. लघवीची नळी त्यांनी ओढून काढली होती, मांडीवरून रक्त वाहत होतं, हातातली सुई लोंबत होती. तिथली नर्स, विशीतली पोर, फुटलेल्या ओठावर गॉझ धरून भिंतीला टेकली होती. "हाकला ह्यांना!" मामंजी ओरडत होते. "कोणी आत सोडलं? दरबार चालू आहे!" दोन वॉर्डबॉय बँडेजच्या पट्ट्यांनी त्यांचा डावा हात खाटेच्या दांडीला बांधत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण त्या वेळी दोघांनाही आवरत नव्हता.

मी उजवा हात धरायला पुढे झाले. त्यांनी स्टीलचा ट्रे उचलून माझ्या तोंडावर मारला. दाढेतून डोळ्यापर्यंत कळ गेली, तोंडात रक्ताची चव आली. पुढचा फटका त्यांनी सासूबाईंवर टाकला आणि तो हुकला. त्या खाटेच्या अगदी जवळ होत्या, तरी हुकला. कारण मामंजींचा खांदा हलायच्या आधीच सासूबाईंनी मान डावीकडे काढली होती. मी इतका मार खाल्लेली, मला चुकवता आलं नाही. त्यांनी चुकवलं, आणि पदर सरळ करून परत तिथेच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात तिथला तरुण डॉक्टर आला. म्हाताऱ्या माणसांचं भूल दिल्यावर असं होतं, म्हणाला, झोपेचं काहीतरी देतो, जरा इन्फेक्शनसाठी रक्त तपासू. मी दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळले. "तू सांगितलं होतंस ना?" तो फरशीकडे बघत हळूच म्हणाला, "लोक होते गं आजूबाजूला. पोलीस केस झाली असती."

"काही सांगण्यासारखं नाहीये," सासूबाई डॉक्टरला म्हणाल्या, स्वच्छ गुजरातीत, शांतपणे. "ए कशुं लेता नथी." ते काही घेत नाहीत.

मी त्यांना हाताला धरून बाहेर पॅसेजमध्ये नेलं. तोंडातलं रक्त गिळलं आणि म्हटलं, "आई, शेवटची कधी घेतली त्यांनी?"

"ही युक्ती तूच मला पोळ्या लाटताना सांगितली होतीस," त्या म्हणाल्या.

"आई, ते मरतील. आता फिट येईल. डॉक्टरला कळलं नाही तर ते खरंच मरतील."

"मला ठाऊक आहे. तेही तूच सांगितलं होतंस."

मला एक क्षण समजलंच नाही. त्यांच्या तोंडावर ना लाज होती, ना भीती. मी त्यांना धरून आणलं तेव्हा ब्लाउजची बाही वर सरकली होती. ती त्यांनी खाली ओढली नाही, तशीच राहू दिली. दंडावर चार डाग एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला, पिवळे पडत आलेले. पडायच्या आधीच्या आठवड्यातले असणार. ह्या बाईच्या शेजारी बसून मी वर्षानुवर्षं भाज्या निवडल्या होत्या. रोज परक्या बायकांच्या बाह्या वर करून बघत होते, आणि घरी टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून कुरकुरत होते. मला स्वतःचीच शिसारी आली.

"तुझ्या नवऱ्याला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून. तू आता गप्प उभी राहा. कोणाला मारायला सांगत नाहीये मी तुला. काही करू नकोस, एवढंच."

खरं सांगते, मला ते पटलं. पुण्य-पापाचा विचारही डोक्यात आला नाही. मला वाटलं, मरू दे. हाडं जोडून, औषधं देऊन, आम्ही ह्या माणसांना धडधाकट करतो आणि त्यांच्या त्यांच्या बायकांकडे परत पाठवतो. हा एक नाही गेला परत, तर कोणाचं काय बिघडणार आहे? मी भिंतीला टेकले. बहुधा पाठ टेकून तशीच राहिलेही असते.

मग आतून खाट वाजली. लोखंडी खाट फरशीवर दडदड आपटत होती. फिट आली की तसाच आवाज येतो. माझे पाय मला न विचारता धावले. मामंजींचे डोळे वर गेले होते, जबडा आवळलेला, तोंडातून लाल फेस, सगळं शरीर धनुकलीसारखं ताणलेलं आणि बांधलेला हात पट्टीत पिरगळत होता. मी वॉर्डबॉयला ढकललं, पट्टी कात्रीने कापली, त्यांना कुशीवर वळवलं आणि ओरडले. संपूर्ण मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले. "रोज पितात! वर्षानुवर्षं रोज! तीन दिवस बंद आहे!"

डॉक्टरचा चेहरा क्षणात बदलला. "पहेलां केम ना कह्युं?" आधी का नाही सांगितलं, असं तो म्हणाला, पण उत्तरासाठी थांबला नाही. योग्य ते इंजेक्शन आलं. खाट हळूहळू थांबली. मामंजींचा श्वास आधी घरघरत, मग सावकाश चालू झाला. त्यांची लाळ पुसणारा हात माझाच होता. पोलीस वगैरे कोणीही आलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा सासूबाई पॅसेजमध्ये तिथेच होत्या. त्यांनी मला थोबाडीत मारली. ट्रे लागला होता त्याच गालावर, सगळ्या ताकदीनिशी. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याशी आवाजही चढवला नव्हता. "तू तुझं काम केलंस," त्या म्हणाल्या. "ड्यूटी संपली की तू वर जाशील. खाली मी आहे." आणि बाकावर बसून पदराने डोळे न पुसता रडल्या. नवरा पाण्याची बाटली घेऊन आला. मी ती त्याच्या अंगावर फेकली.

मामंजी वाचले. वॉकर घेऊन घरी आले. डॉक्टरांनी दारू पूर्ण बंद सांगितली, आणि स्कूटरवाल्याला मी फाटकातच असं काही सांगितलं की तो परत त्या गल्लीत दिसला नाही. भेटायला येणाऱ्यांना मामंजी अभिमानाने सांगायचे, "आमची सून नर्स आहे. तिने वाचवलं मला." घराण्याची खुर्ची वगैरे सगळं विसरले होते. माणसं म्हणायची, नशीबवान आहात. सासूबाई बशा गोळा करायच्या. नवरा मला म्हणाला, "बघ ने, सुटली एकदाची. आता सगळं बरं होईल." तो मनापासून बोलत होता. मी हे सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "दारू नव्हती गं मारत," त्या म्हणाल्या.

मी रात्रपाळ्या मागून घेतल्या, म्हणजे दिवसा घरी राहता येईल. सासूबाईंना म्हटलं, वर चला, आमच्याकडे राहा. त्या नको म्हणाल्या. ह्या वयात जिना चढून कुठे जायचं, म्हणाल्या. मग मीच माझी गादी खाली बैठकीत आणली. नवऱ्याने विचारलं, किती दिवस? मी उशी आणायला परत वर गेले.

एका दुपारी सासूबाईंनी मामंजींना चहा दिला. साखर कमी होती, किंवा चहा निवला होता, कारण काय ते मला आजही ठाऊक नाही. मामंजी वॉकर धरून टेबलापाशी उभे होते. महिनाभर एक थेंब पोटात नव्हता, डोळे स्वच्छ होते, डोकं ताळ्यावर होतं. त्यांनी कपाकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मी ह्या वेळी खांद्याकडे बघत होते. खांदा हलला आणि सासूबाईंची मान डावीकडे गेली, त्याच वेळी मी मधे शिरून मामंजींचं मनगट पकडलं.

पातळ मनगट होतं. वयाने हाडं किती ठिसूळ होतात ते मला शिकवलं होतं, किती जोर लावला की मोडतील तेही हाताला कळत होतं. मी अंगठा आत दाबला. मामंजींच्या तोंडातून "आई गं" असं निघालं. ते एका पायावर होते, दुसरा हात वॉकरवर, त्यांना कुठेही हलता येत नव्हतं. मला आनंद झाला. असा आनंद मला कधीच झाला नव्हता आणि त्याची मला भीतीही वाटली. हाताखाली त्यांची नाडी जोरात उडत होती. ही चालू ठेवणारी मीच होते.

"सोड," मामंजी म्हणाले. "सोड म्हणतो ना. अगं, सांग हिला."

सासूबाईंनी आमच्या दोघांकडे बघितलं. मला वाटलं आता त्या म्हणतील, सोड गं, दुखतंय त्यांना. मी सोडायच्या तयारीत होते. त्यांनी खुर्ची ओढली, मामंजींच्या समोर बसल्या, आणि त्यांचा तो कप स्वतःपुढे घेतला.

"अजून थोडा वेळ धर," त्या मला म्हणाल्या, आणि चहा प्यायला लागल्या.